कंपनीत लागताना

करमाड परिसरात ‘पोरगं काय करतं?’ या प्रश्नाला ‘कंपनीत आहे’ एवढं उत्तर चालतं. कोणत्या कंपनीत, हा दुसरा प्रश्न. तिसरा, विशेषतः विचारणारा मुलीचा बाप असेल तर, ठरलेलाच असतो: पर्मनंट आहे का? पहिल्या उत्तरापासून तिसऱ्यापर्यंत पोहोचायला काहींची कित्येक वर्षं जातात, पुष्कळांना ते जमतच नाही. मोटार जोडणाऱ्या कारखान्यात कामाला लागणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायचं तर त्यासाठी हा रस्ता चांगला आहे.

रस्ता म्हणजे जालना रोड. छत्रपती संभाजीनगर शहरातून पूर्वेला निघालं की चिकलठाण्याची जुनी औद्योगिक वसाहत आणि विमानतळ मागे पडतं. पुढे शेंद्रा, कुंभेफळ, लाडगाव आणि करमाड. शेंद्र्याचं नाव पूर्वी पंचक्रोशीत घेतलं जायचं ते मांगीरबाबाच्या चैत्रातल्या यात्रेमुळे. यात्रा अजूनही भरते, पण आता शेंद्रा म्हटलं की बहुतेकांना एमआयडीसी आठवते. तिला लागूनच, दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधली ‘ऑरिक’ ही नवी वसाहत उभी राहिली. ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तिच्यासाठी जमिनी गेल्या त्या याच गावांच्या. ज्याच्या बापाचं शिवार गेलं त्याच्या पोराला त्याच शिवारात उभ्या राहिलेल्या कंपनीत काम मिळेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. जमीन देण्याचा आणि नोकरी मिळण्याचा संबंध मात्र वाटतो तितका सरळ नसतो.

शेंद्र्याला मोटार आली २००१ साली. झेक प्रजासत्ताकातल्या म्लादा बोलेस्लाव या गावी १८९५ मध्ये सुरू झालेल्या धंद्यातून वाढलेल्या स्कोडा कंपनीने इथे ‘ऑक्टाव्हिया’ जोडायला सुरुवात केली. पुढे फोक्सवॅगनची ‘पसाट’ आणि ऑडीच्या गाड्याही इथेच जोडल्या जाऊ लागल्या, कारण तिन्ही कंपन्या एकाच समूहातल्या. २०१९ मध्ये या समूहाच्या भारतातल्या कंपन्या एकत्र आल्या. २०२५ मध्ये बाजारात आलेली नवी ‘कोडियाक’ही इथेच जोडलेली. मराठवाड्यातल्या कापसाच्या पट्ट्यात ऑडी तयार होते, हे ऐकून बाहेरच्या माणसाच्या भुवया उंचावतात. पण ‘तयार होते’ आणि ‘जोडली जाते’ यांत फरक आहे, आणि इथल्या नोकऱ्यांचं सगळं गणित त्या फरकावर उभं आहे.

परदेशातून पूर्ण तयार गाडी आणली तर तिच्यावरचं आयात शुल्क किमतीनुसार आणि वर्षानुसार ६० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत आणि त्याच्याही वर गेलेलं आहे. तीच गाडी सुट्या भागांचा संच म्हणून आणून इथे जोडली तर शुल्क ३०-३५ टक्क्यांच्या घरात येतं. निव्वळ सुटे भाग म्हणून आणले तर ते आणखी खाली, ५ ते १५ टक्क्यांवर. महागड्या गाडीवर हा फरक लाखांत जातो, आणि त्या फरकातून शेड, लाइन, कँटीन आणि पगार निघतो. दिल्लीत अर्थसंकल्पाच्या दिवशी एखादा आकडा बदलला की शेंद्र्यातल्या एखाद्या मॉडेलचं जोडणं फायद्याचं किंवा तोट्याचं ठरू शकतं. गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स आधीच जोडून आले आहेत की सुटे आले आहेत, यावरही शुल्काचा वेगळा दर लागतो. म्हणजे हे काम कोणत्या देशातल्या कामगाराने करायचं, ते सीमाशुल्काच्या तक्त्यावर ठरतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क खात्याने या समूहावर सुमारे १.४ अब्ज डॉलरची मागणी काढली. आरोप असा, की संच म्हणून दाखवायला हवा तो माल सुटे भाग म्हणून दाखवला. कंपनीने तो नाकारला आणि मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. लाइनवर स्क्रू घट्ट करणाऱ्या पोराला या वादाचा पत्ता नसतो, पण त्याची रोजी त्या रकान्याशी बांधलेली आहे.

ही तऱ्हा नवी नाही. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला शेव्हरोले गाड्या जोडायला घेतल्या, तेव्हाही संच बोटीनेच यायचे. फोर्डचाही मुंबईत असाच कारखाना होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने विचारलं की तुम्ही नुसतं जोडणार की भागही इथे बनवणार? १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर, इथे उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना जागा उरली नाही, आणि १९५४ मध्ये दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स मात्र टिकली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली आणि पुढे कित्येक दशकं मुंबईच्या टॅक्सी तिथूनच आल्या. जोडणीवर थांबलेला कारखाना कधीही उचलला जाऊ शकतो. प्रेस, वेल्डिंग, रंग असं सगळं मुळातून करणारा कारखाना उचलणं अवघड. स्कोडा-फोक्सवॅगन समूहाचाच चाकणचा कारखाना २००९ पासून दुसऱ्या प्रकारचा आहे. नोकरी शोधणाऱ्याने गेटवरच्या बोर्डाआधी हे पाहावं की आत किती प्रकारचं काम चालतं.

मोटारीच्या पूर्ण कारखान्यात चार मोठे विभाग असतात. प्रेस शॉपमध्ये पत्र्याचे भाग दाबून काढतात, बॉडी शॉपमध्ये ते वेल्डिंगने जोडतात, पेंट शॉपमध्ये सांगाडा रंगतो आणि शेवटी असेंब्ली. पहिल्या तिन्हींत यंत्रमानवांचा वावर वाढत गेला. असेंब्लीत अजून माणूस लागतो, कारण वायरिंगचा लवचीक जुडगा दरवाज्याच्या पोटातून ओढून पलीकडे काढणं यंत्राला नीट जमत नाही. म्हणूनच नवख्या माणसाला सर्वात जास्त जागा असतात त्या इथे.

आत काय चालतं ते एका स्टेशनवर थांबून पाहू. रंगवलेला सांगाडा सरकत समोर येतो. ऑपरेटरच्या अंगावर घड्याळ, अंगठी, कडं काही नाही. पट्ट्याचं बक्कल झाकलेलं, कारण नव्या रंगावर एक ओरखडा पडला की गाडी रिवर्कला जाते. गाडीसोबत आलेल्या कागदावर किंवा स्क्रीनवर तो प्रकार वाचतो: सनरूफ आहे की नाही, कोणता जुडगा घ्यायचा. जुडग्याच्या तोंडाशी रबरी ग्रोमेट असतं. ते पत्र्याच्या भोकात चहूबाजूंनी बसलं पाहिजे, नाहीतर पहिल्या पावसात गाडीत पाणी शिरेल. मग कनेक्टर: दाबायचा, टक आवाज ऐकायचा, पुन्हा ओढून बघायचा. हे ओढून बघणं नवखा हमखास विसरतो. आवाज आला म्हणजे बसलं, असं त्याला वाटतं. शेजारच्या स्टेशनच्या गोंगाटात आलेला आवाज आपलाच होता की नाही, हे ओढल्याशिवाय कळत नाही. त्यानंतर बोल्ट. तो ‘घट्ट’ करून चालत नाही, ठरलेल्या टॉर्कवर आणावा लागतो. मोटारीच्या चाकाचे बोल्ट साधारण ११० ते १२० न्यूटन मीटरवर आवळतात. कमी झालं तर चाक सैल पडतं, जास्त झालं तर बोल्टची आटी ताणली जाते आणि तो पुढे कधीतरी तुटतो. टॉर्क रेंचने आवळून झालं की रंगाच्या पेनने त्यावर एक रेघ मारायची. ती रेघ म्हणजे ऑपरेटरची सही. वर्षभराने तक्रार आली तर त्या गाडीच्या क्रमांकावरून शिफ्ट निघते आणि स्टेशनही निघतं.

हे सगळं करायला किती वेळ मिळतो? आठ तासांची शिफ्ट म्हणजे ४८० मिनिटं. जेवण आणि दोन चहा मिळून ५० मिनिटं वजा केली तर ४३० उरतात. त्या शिफ्टमध्ये ४३० गाड्या काढायच्या असतील तर प्रत्येक स्टेशनला एक मिनिट. ४३ काढायच्या असतील तर दहा. या आकड्याला टॅक्ट टाइम म्हणतात. नोकरीचा पोत यावरून ठरतो, पगाराइतकाच. मिनिटाच्या लाइनवर माणूस चार-पाच हालचाली दिवसभरात शेकडो वेळा करतो आणि आठवड्यात तयार होतो. दहा मिनिटांच्या लाइनवर एका गाडीमागे तीस-चाळीस कृती लक्षात ठेवाव्या लागतात. शिकायला वेळ लागतो, पण डोकं जागं राहतं. महागड्या, कमी संख्येने निघणाऱ्या गाड्यांच्या लाइनवर दुसरा प्रकार भेटतो. माझं मत विचाराल तर, शिकणाऱ्यासाठी ती संथ लाइनच चांगली शाळा. मात्र तिथे भरती कमी आणि मागणी पडली की कपात लवकर, हेही खरं.

मिनिटाच्या लाइनचा इतिहास फोर्डपासून सुरू होतो. १९१३ मध्ये डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात हेन्री फोर्डने सरकती लाइन आणली आणि मॉडेल टीचा सांगाडा जोडायला लागणारा साडेबारा तासांचा वेळ ९३ मिनिटांवर आला. हे सगळ्या पुस्तकांत असतं. त्याच वर्षी त्या कारखान्यातलं कामगारांचं सोडून जाण्याचं प्रमाण ३७० टक्के होतं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. माणसं कंटाळून पळत होती. जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर ही तेव्हा अचाट वाटलेली मजुरी फोर्डने जाहीर केली, तिच्या मागे औदार्यापेक्षा ही गळती जास्त होती. जपानी कंपन्यांनी पुढे या लाइनमध्ये एक दोरी आणली. काही चुकलं तर कामगाराने ती ओढायची, दिवा लागतो, लाइन लीडर धावत येतो, वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. आज बहुतेक कारखान्यांत दोरीच्या जागी बटण आहे आणि या व्यवस्थेला ‘अँडॉन’ म्हणतात. नवख्याची खरी परीक्षा त्या बटणापाशी होते. लाइन थांबवली तर सगळे आपल्याकडे बघतील या भीतीने तो चूक पुढे ढकलतो. चांगल्या लाइन लीडरची ओळख हीच, की बटण दाबणाऱ्यावर तो डाफरत नाही.

शरीराबद्दलही सांगायला हवं. शेतात राबलेल्या पोराला वाटतं, सावलीतलं काम, कूलर, त्यात काय एवढं! पहिल्या पंधरवड्यात त्याचं मनगट आणि अंगठ्याची मुळं ठणकायला लागतात. क्लिपा दाबून बोटांची टोकं बधिर होतात. शेतात दमलं की बांधावर टेकता येतं. इथे पुढची गाडी येतेच. रात्रपाळीचं वेगळंच. घरी आल्यावर दिवसा झोपायचं, आणि दुपारी गावात कुणाच्या तरी दारात डीजे लागलेला. सोडून जाणाऱ्यांतले पुष्कळ याच काळात गळतात. जे महिनाभर टिकतात त्यांचं अंग कामाला सरावतं.

आता शिरायचं कुठून? दहावीनंतरचा सर्वात खात्रीचा दरवाजा अजूनही आयटीआयचा आहे. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतो. फिटर आणि मोटार मेकॅनिक हे दोन वर्षांचे, वेल्डर आणि डिझेल मेकॅनिक एक वर्षाचे. करमाड-शेंद्र्याच्या पोरांचा कल मोटार मेकॅनिककडे असतो, कारण नावातच मोटार आहे. जोडणीच्या लाइनला मात्र फिटर जास्त चालतो. फिटरच्या पहिल्या सत्रात पोरगं लोखंडाचा ठोकळा कानस घेऊन घासत बसतं, गुण्या लावून उजेडाला धरतं, फट दिसली की पुन्हा घासतं. व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटर वाचायला शिकतं. या कंटाळवाण्या घासकामातून ‘थोडंसं वाकडं’ हा शब्दप्रयोग त्याच्या बोलण्यातून निघून जातो, आणि कंपनीला तेच हवं असतं. ज्याला आणखी वर जायचं आहे त्याच्यासाठी चिकलठाणा एमआयडीसीतली इंडो जर्मन टूल रूम आहे. तिथल्या टूल अँड डाय मेकिंगच्या पदविकेचा पोरगा लाइनवर उभा राहत नाही. लाइनला लागणारे साचे आणि जिग तो बनवतो.

आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप. १९६१ च्या अप्रेंटिसेस कायद्याप्रमाणे ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला, ठेक्यावरचे कामगार धरून, मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. नोंदणी सरकारी पोर्टलवर होते. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५ ते ९ हजार रुपये ठरवलं. आयटीआयवाल्यासाठी ते ७ हजार होतं. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत त्यातला चौथा हिस्सा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, सरकार देतं. अनेकांच्या घरी हे ऐकून नाक मुरडतात: एवढ्यात काय भागतं, ठेकेदाराकडे गेला तर दुप्पट मिळतील. पहिल्या वर्षासाठी हे खरंही आहे. पण अप्रेंटिसशिप संपल्यावर परीक्षा देऊन मिळणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र देशभर चालतं, आणि ते नसलेल्या अनुभवाला पुढच्या गेटवर फार थोडी किंमत येते. कायद्याची दुसरी बाजूही ठाऊक असू द्यावी: अप्रेंटिस हा कायद्याने ‘कामगार’ नसतो, त्याला पीएफ लागू होत नाही, आणि मुदत संपल्यावर त्याला कामावर घ्यायचं बंधन कंपनीवर नाही.

निवड कशी होते? लेखी परीक्षेत साधं गणित आणि मापनं. मग हाताची चाचणी: ठरलेल्या वेळात नट-बोल्ट लावणं, पिना भोकांत बसवणं, चित्र बघून क्रम सांगणं. वैद्यकीय तपासणीत डोळ्यांवर बऱ्याच जणांचं घोडं अडतं. जपानी नेत्रतज्ज्ञ इशिहारा यांनी १९१७ मध्ये काढलेल्या रंगीत ठिपक्यांच्या तक्त्यांत आकडा दिसला नाही तर वायरिंगच्या लाइनवर घेत नाहीत, कारण तिथे लाल आणि हिरव्या वायरीतला फरक डोळ्यांनीच ओळखायचा असतो. रंगांधळेपणा मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त आणि तो असल्याचं पुष्कळांना त्या दिवशीच कळतं. आयटीआयला जाण्याआधी ही तपासणी करून घेतली तर दोन वर्षं चुकीच्या ट्रेडमध्ये जात नाहीत.

आणि एक दरवाजा, जो दरवाजाच नाही. ‘आतून सेटिंग आहे, वीस हजार द्या, पर्मनंट लावतो’ असं सांगणारा माणूस औद्योगिक वसाहतीच्या आसपास हमखास भेटतो. भरतीसाठी पैसे मागणारा माणूस पैशांसाठीच आलेला असतो.

बहुतेकांची सुरुवात मात्र तिसऱ्या रस्त्याने होते: ठेकेदाराकडून किंवा तात्पुरत्या नेमणुकीवर. इथे महाराष्ट्रातल्या कामगाराने एक आकडा पाठ करावा, २४०. राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत अशी तरतूद राहिली आहे, की तात्पुरत्या कामगाराने मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस अखंड सेवा केली तर त्याला कायम करावं. कामगाराच्या भल्यासाठी केलेल्या या तरतुदीतून ‘ब्रेक’ जन्माला आला. सात महिने म्हणजे साधारण २१० दिवस. तेवढे भरले की पोराला घरी बसवायचं, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर किंवा शेजारच्या कंपनीत पुन्हा सात महिने. वाळूज, चाकण, रांजणगाव, सगळीकडे ही चाल इतकी रुळली की पोरं वर्षं मोजतात ती ब्रेकमध्ये. पाच वर्षांचा अनुभव असतो, पण एका जागी सलग वर्षाचा नसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांत ठराविक मुदतीच्या नेमणुकीला उघड मान्यता आहे. अशा कामगाराला कायम कामगाराइतकेच लाभ आणि एका वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटी मिळायला हवी. दुसऱ्या बाजूला स्थायी आदेशांचं बंधन आता ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरतं आहे. ब्रेकची चाल याने संपेल की फक्त तिचं नाव बदलेल? मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

ठेक्यावरच्या माणसाचं अस्तित्व कागदावर किती पुसट असतं, हे या परिसराने फार वाईट रीतीने पाहिलं आहे. ८ मे २०२० च्या पहाटे बदनापूर ते करमाड या स्टेशनांदरम्यान रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातले. टाळेबंदीत गावी जायची गाडी पकडायला भुसावळकडे चालत निघालेले. करमाडचं नाव त्या दिवशी देशभर पोहोचलं. मोटार आणि लोखंड हे वेगळे धंदे असतील, पण शिफ्ट संपल्यावर कुणाची जबाबदारी कुणावर, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

म्हणून पगारपत्रक वाचायला पहिल्याच महिन्यात शिकावं. मूळ वेतनाच्या १२ टक्के पीएफ कापला जातो, तेवढाच मालकाने भरायचा. २१ हजारांपर्यंत वेतन असेल तर ईएसआय: कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. कापलेला पैसा खरंच भरला जातो का, ते मोबाइलवर यूएएन (पीएफ खात्याचा क्रमांक) टाकून दिसतं. ठेकेदार बदलला तरी यूएएन एकच राहिला पाहिजे; नव्या ठेकेदाराने नवा काढला तर जुना पैसा अडकून पडतो. आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने, हे १९४८ च्या कारखाना कायद्यापासूनचं आहे.

करमाडच्या पोरांची नजर शेंद्र्यावर असते, कारण ते जवळ आहे. पण या जिल्ह्यात वाहनउद्योगातलं जास्त काम आहे ते शहराच्या पलीकडे, वाळूजला. बजाज ऑटोने १९८५ मध्ये तिथे कारखाना काढला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांची फळी उभी राहिली. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या आज देशाबाहेरही कारखाने असलेल्या कंपन्या याच मातीत वाढल्या. ब्रेक, सस्पेन्शन, दिवे, ॲल्युमिनियमचं कास्टिंग हे काम दिसायला मोटारीइतकं झगमगीत नाही. गावात सांगताना ‘ऑडी जोडतो’ची ऐट ‘शॉक ॲब्सॉर्बर बनवतो’ला नाही. तरी सुट्या भागांच्या कारखान्यात एकाच छताखाली मशीनिंग, कास्टिंग, तपासणी, जोडणी असं सगळं पाहायला मिळतं, आणि त्यांचा माल एकाच गाडीवर अवलंबून नसतो. जाणं-येणं मात्र जिवावर येतं. करमाडहून वाळूज म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं.

मुलींसाठी चित्र हळूहळू बदललं. जुन्या कायद्यात संध्याकाळी सातनंतर कारखान्यात बायकांना काम देण्यावर बंदी होती. शिफ्ट फिरती असल्याने कंपन्या त्यांना घेतच नसत. पुण्याजवळ बजाजच्या चाकण कारखान्यात मोटरसायकलच्या लाइनवर मुली उभ्या राहिल्या, आणि टाटा मोटर्सने पुण्यात ‘हॅरियर’ आणि ‘सफारी’ची लाइन मुलींच्या हाती दिली. आता संमती आणि सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळीही करता येते. आडकाठी उरते ती कारखान्याच्या गेटबाहेर: रात्री साडेअकराला बस हायवेवर सोडते आणि तिथून वस्तीपर्यंत दोन किलोमीटर अंधार.

पुढची भरती कुठे होईल? सगळ्यांच्या तोंडी बिडकीन आहे, पैठण रोडवरचा ऑरिकचा दुसरा भाग. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. सुमारे २० हजार कोटींच्या गुंतवणुकीची आणि ८ हजार थेट नोकऱ्यांची भाषा झाली. त्याच्या महिनाभर आधी एथरने तिथे विजेच्या स्कूटरचा कारखाना जाहीर केला होता. सामंजस्य करार म्हणजे भरतीची जाहिरात नव्हे, हे शेंद्र्याच्या आसपासच्या लोकांना सांगायला नको. तरी टोयोटाची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कर्नाटकात बिडदीला तिने २००७ मध्ये स्वतःची प्रशिक्षण संस्था काढली, आणि दहावी झालेल्या ग्रामीण मुलांना तीन वर्षं ठेवून घेऊन घडवलं. तसं काही बिडकीनला निघालं तर त्याची जाहिरात कारखान्याच्या खूप आधी येईल. लक्ष ठेवायचं ते त्यावर. आणि विजेच्या गाडीत इंजिनाचे शेकडो भाग नसतात. तिथे जोडणाऱ्याला उच्च दाबाच्या विजेची सुरक्षा आणि बॅटरीची हाताळणी यावी लागते. मोटार मेकॅनिकपेक्षा इलेक्ट्रिशियन ट्रेडला यापुढे जास्त भाव येईल, असा माझा कयास आहे.

आत गेल्यावर वर कसं चढतात, ते लाइनच्या डोक्यावर टांगलेल्या एका फळ्यावर दिसतं. उभ्या रांगेत नावं, आडव्या रांगेत स्टेशनं, आणि प्रत्येक चौकटीत चार पाकळ्यांचं वर्तुळ. एक पाकळी भरली म्हणजे देखरेखीखाली करतो. दोन म्हणजे एकटा करतो. तीन म्हणजे वेळेत आणि चुकीविना. चारही भरल्या म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. एकाच स्टेशनच्या चारही पाकळ्या भरून बसलेला ऑपरेटर कंपनीला सोयीचा असतो आणि स्वतःला गैरसोयीचा. कुणी गैरहजर राहिलं की सुपरवायझर तो फळा बघतो. पाच-सहा स्टेशनं येणाऱ्याचं नाव आधी घेतलं जातं, आणि लाइन लीडरची जागा रिकामी झाली की तेव्हाही. म्हणून चहाच्या सुट्टीत शेजारच्या स्टेशनवर उभं राहून बघणाऱ्या पोराला बाकीचे चिडवतात, पण फळ्यावर त्याची रांग भरत जाते.

घोळ असा की तो फळा कंपनीचा असतो. ब्रेकच्या दिवशी ओळखपत्र आणि शूज जमा होतात, हिशेबावर सही होते, आणि अनुभवाचं पत्र म्हणून एक छापील कागद हाती पडतो. त्यावर बऱ्याचदा हुद्दा ‘हेल्पर’ असतो, मग सात महिने वायरिंग केलेलं असो की चाकं आवळलेली. तो कागद तिथल्या तिथे वाचावा. हुद्दा, विभाग, केलेलं काम आणि दोन्ही तारखा नीट लिहून मागाव्यात. ठेकेदाराचा माणूस ‘नंतर या’ म्हणाला तरी टेबलावरून उठू नये. कारण पुढच्या गेटवरचा एचआरवाला पहिला कागद पाहतो तो हाच, आणि ‘हेल्पर’ वाचून त्याला हेल्परच्याच दराने बसवतो.